एक गुंठा, एक ठिपका

पाऊस उघडून आठ-दहा दिवस झालेले असतात. बाकी सगळ्या रानाला वापसा आलेला असतो, बैल किंवा ट्रॅक्टर घालता येईल अशी माती झालेली असते, आणि नेमका एक कोपरा मात्र अजून पायाला चिकटत असतो. ढेकूळ हातात घेऊन दाबलं तर फुटत नाही, कणकेसारखं चपटं होतं. त्या कोपऱ्यातला ऊस गुडघ्याएवढाच राहतो, पानं फिकट पिवळी. मार्च-एप्रिलात तिथेच मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुटतं. अशा जमिनीला आपल्याकडे चिबड म्हणतात. सरकारी कागदावर ती पाणथळ होते, आणि मीठ फुटलं की क्षारपड.

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत असा जो पट्टा लागतो, तो एका बाजूला मुठा उजवा कालवा आणि दुसऱ्या बाजूला मुळा-मुठा नदी यांच्या मधला. जमीन कालव्याकडून नदीकडे उतरत जाते. कालव्यातून झिरपलेलं आणि वरच्या शेतात जास्तीचं दिलेलं पाणी जमिनीखालून खालच्या शेताकडे सरकतं. खालची माती काळी आणि चिकण. पाणी धरून ठेवण्यात पटाईत, सोडण्यात कंजूष. चिबड कोपरा तयार व्हायला एवढं पुरतं.

हे दुखणं आजचं नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पंचवीस वर्षांत त्याच्या लाभक्षेत्रातल्या जमिनी इतक्या बिघडल्या, की पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. खडकवासल्याची जल आणि विद्युत संशोधन संस्था आज धरणांच्या प्रतिकृतींसाठी ओळखली जाते. पण १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने तिची सुरुवात केली ती सिंचनाचे प्रश्न सोडवणारा एक छोटा विभाग म्हणून. त्या काळी बिघडलेली जमीन शोधायचा मार्ग एकच होता: चालत जायचं, भोक पाडायचं, पाणी किती खोल लागतं ते मोजायचं. उपग्रह आल्यावर यातलं चालणं बरंच कमी झालं. भोक पाडणं मात्र सुटलेलं नाही. ते का, हे समजायला उपग्रहाला नेमकं काय दिसतं ते पाहिलं पाहिजे.

आधी पाणी साचण्याचे दोन प्रकार वेगळे करू. पहिला डोळ्यांनी दिसणारा. ऑक्टोबर २०२० च्या मध्यावर बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा सोलापूर-पुण्यावरून गेला, तेव्हा इंदापूर, दौंड भागात शेतं तळ्यासारखी भरली. हे वरचं पाणी. दुसरा प्रकार जमिनीखालचा. केंद्राच्या जलसंपदा मंत्रालयाच्या कार्यगटाने १९९१ मध्ये ठरवलेला निकष असा, की भूजलाची पातळी जमिनीपासून २ मीटरच्या आत आली तर ती जमीन पाणथळ समजायची, आणि २ ते ३ मीटरच्या दरम्यान असेल तर धोक्याच्या काठावरची. म्हणजे वर फूटभर माती कोरडी ठणठणीत असू शकते आणि तरीही जमीन पाणथळ असते. खालच्या मुळांना हवा मिळत नाही, पीक गुदमरतं. वरचं पाणी उपग्रहाला थेट दिसतं. खालचं दिसत नाही. ते पिकाच्या आणि मातीच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. जाहिरातींमध्ये हा फरक कोणी सांगत नाही, म्हणून इथे आधीच सांगितला.

आता उपग्रहाच्या चित्राकडे. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह साधारण ७८६ किलोमीटर उंचीवरून जातात आणि एकाच जागेचं चित्र दर पाच दिवसांनी देतात, तेही फुकट. हे चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची चादर. त्यातल्या मुख्य रंगांचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. युरोपातल्या अभियंत्यांनी गुंठ्याचं नाव ऐकलं असण्याची शक्यता कमी, पण त्यांचा ठिपका आणि आपला गुंठा जवळजवळ तंतोतंत जुळतो. एकरात चाळीस गुंठे, तसे चाळीस ठिपके. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा. आपल्या रिसोर्ससॅटच्या लिस-४ कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा, म्हणजे गुंठ्याचा साधारण तिसरा हिस्सा.

ऐकायला छान वाटतं, पण जरा हिशेब करा. समजा तुमचा तुकडा ६० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब आहे, म्हणजे जवळपास दीड एकर. त्यात सहा ओळींत दहा-दहा असे साठ ठिपके. पण कडेच्या ठिपक्यांमध्ये अर्धा बांध येतो, शेजाऱ्याचा घास येतो, बांधावरच्या बाभळीची सावली येते. चारी बाजूंची एकेक ओळ सोडली की उरतात बत्तीस. ओलावा पकडायला सगळ्यांत उपयोगी असलेले लघुलहरी अवरक्त किरण सेंटिनेल-२ फक्त २० मीटरच्या, म्हणजे चार गुंठ्यांच्या ठिपक्यात टिपतो. तिथे तुमच्या शेतात सगळे मिळून पंधरा ठिपके, आणि कडा सोडल्या तर तीन. वाटण्या होऊन वीस मीटर रुंदीच्या पट्ट्या झाल्या असतील तर एकही शुद्ध ठिपका तुमच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे या कामात एकट्याच्या शेतापेक्षा शिवाराचा विचार आधी करावा लागतो. पाणी तरी कुठे गट नंबर बघून थांबतं?

ठिपक्यात साठवलेलं असतं काय? फोटोसारखा रंग नव्हे, तर प्रत्येक प्रकारच्या प्रकाशाचा किती भाग जमिनीने परत पाठवला त्याचा आकडा. हिरवा, लाल, आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण. पाण्याची खोड अशी, की ते अवरक्त किरण गिळून टाकतं. तरारलेलं पीक उलट वागतं, तेच किरण भरभरून परत फेकतं. या एका फरकावर बरंच काम भागतं. हिरव्याच्या आकड्यातून जवळच्या अवरक्ताचा आकडा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. याला पाण्याचा निर्देशांक, म्हणजे एनडीडब्ल्यूआय म्हणतात.

समजण्यापुरते आकडे घेऊ. स्वच्छ पाण्याच्या ठिपक्याचा हिरवा ०.०८ आणि अवरक्त ०.०३ असेल तर उत्तर येतं ०.४५. दाट उसाचा हिरवा ०.०६ आणि अवरक्त ०.४० असेल तर उत्तर उणे ०.७४. मोकळ्या ओल्या काळ्या रानाचे ०.०६ आणि ०.१० धरले तर उणे ०.२५. पाणी अधिकात, बाकी सगळं उण्यात. सोपं वाटतं ना? पण शेतात साचलेलं पाणी खडकवासल्याच्या जलाशयासारखं स्वच्छ नसतं. ते गढूळ असतं, आणि त्यातली माती अवरक्त किरण परत पाठवते. हिरवा ०.१० आणि अवरक्त ०.०९ झाला तर उत्तर जेमतेम ०.०५. इथे लघुलहरी अवरक्त मदतीला येतात, कारण गढूळ पाणीसुद्धा ते गिळतं. त्यांचा आकडा ०.०३ धरून तेच गणित केलं तर उत्तर ०.५४. म्हणून शेतातलं पाणी शोधताना दुसरं सूत्र वापरावं, चार गुंठ्यांचा ठिपका सोसून.

पुण्याजवळ या सगळ्याची एक गंमत पाहायला मिळते. मुळा-मुठेवर जलपर्णी पसरली की उपग्रहाच्या दृष्टीने नदी नाहीशी होते आणि तिथे हिरवंगार पीक उभं राहतं. निर्देशांक शपथेवर सांगेल की इथे पाणी नाही.

मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. पाणी साचतं पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात आकाशात ढग. ज्या आठवड्यात चित्र हवं असतं, नेमक्या त्याच आठवड्यात सेंटिनेल-२ पांढऱ्या कापसाचे फोटो पाठवतो. तिथे रडार लागतं.

रडार उपग्रह सूर्यावर अवलंबून नसतो. तो स्वतः सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. २०१४ पासून सुरू असलेल्या सेंटिनेल-१ मालिकेची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची, आणि एका उपग्रहाची फेरी बारा दिवसांची. इस्रोनेही फेब्रुवारी २०२२ मध्ये ईओएस-०४ हा याच जातीचा उपग्रह सोडला. ढग या लहरींच्या आड येत नाहीत, रात्रीचा अंधारही नाही. लहर तिरकी येते. खाली शांत पाणी असेल तर ती आरशावर आपटल्यासारखी पुढे निघून जाते, परत काहीच येत नाही, आणि चित्रात काळा डाग पडतो. नांगरलेल्या रानाची ढेकळं लहर इकडेतिकडे उधळतात, थोडी परत येते, ठिपका राखाडी. हडपसर-खराडीच्या उंच इमारती भिंत आणि रस्ता यांच्या काटकोनातून सगळं परत पाठवतात, म्हणून शहर पांढरंशुभ्र चमकतं.

काळं दिसलं म्हणजे पाणीच, असं मात्र धरू नये. लोहगाव विमानतळाची धावपट्टीही काळीच दिसते, कारण तीही गुळगुळीत. सिंहगडाच्या कड्यामागची सावली काळी दिसू शकते. आणि उलट, वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या तर पाणी राखाडी होतं.

याहून नाजूक मुद्दा ओल्या मातीचा, आणि नवखी माणसं इथेच फसतात. कोरड्या मातीपेक्षा ओली माती रडारला जास्त उजळ दिसते, कारण पाण्याचा विद्युत गुणधर्म कोरड्या मातीच्या कितीतरी पट असतो. म्हणजे पाऊस सुरू झाला की रान आधी उजळत जातं, आणि माती पिऊन पिऊन तृप्त झाली, वर पाणी उभं राहिलं, की एकदम काळं पडतं. पाणी ओसरताना हाच खेळ उलटा. एकच चित्र पाहिलं तर राखाडी ठिपका भिजत चाललेला आहे की वाळत, हे सांगताच येत नाही. कालच्या चित्राशेजारी आजचं ठेवावंच लागतं. शिवाय रडारच्या चित्रात मिठासारखे दाणे असतात, ते घालवायला शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतात. तीन बाय तीनची सरासरी म्हणजे नऊ गुंठे एकत्र. रडारच्या एकट्या गुंठ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आणि उसाचं काय? सात-आठ फूट वाढलेला ऊस असेल तर साडेपाच सेंटिमीटरची लहर पानांतच अडकते. खाली घोटाभर पाणी उभं असलं तरी वरून दाट पीकच दिसतं. उंच, विरळ पिकात कधी लहर आधी पाण्यावर आणि मग ताटावर आपटून परत येते, तेव्हा तर पाणी असूनही ठिपका जास्तच उजळतो. लांब लहर जास्त खोल शिरते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार या नासा आणि इस्रोच्या संयुक्त उपग्रहाची एक लहर साधारण २४ सेंटिमीटरची आहे आणि त्याचीही फेरी बारा दिवसांची. उसाच्या पट्ट्यासाठी खरी आशा त्याच्याकडून आहे.

हे झालं वरच्या पाण्याचं. आता ज्यासाठी नीरा खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी भोकं पाडली, त्या खालच्या पाण्याकडे वळू. ते दिसत नसल्यामुळे एका दिवसाच्या चित्राचा उपयोग नाही, वर्षांची माळ लागते. दोन खुणा शोधायच्या.

पहिली खूण वाळण्याचा वेग. जोराचा पाऊस थांबल्यानंतरची चित्रं एकापुढे एक लावा आणि प्रत्येक ठिपक्याला वापसा यायला किती दिवस लागले ते मोजा. निचरा होणारी जमीन पाच-सहा दिवसांत फिकी पडते, चिबड जमीन पुढच्या दोन-तीन चित्रांत गडदच राहते. एका वर्षी तसं झालं तर कारण काहीही असू शकेल, शेजाऱ्याने पाणी सोडलं असेल. पाच पावसाळे तोच कोपरा शेवटी वाळत असेल तर तो योगायोग नव्हे.

दुसरी खूण पिकाची. लाल आणि जवळच्या अवरक्त किरणांवरून पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक निघतो, एनडीव्हीआय. एकाच शेतात, एकाच दिवशी लावलेल्या उसात बाकी भाग ०.७५ वर आणि एक कोपरा ०.४५ वर अडकला असेल तर तिथे काहीतरी खुपतंय. काय खुपतंय ते मात्र निर्देशांक सांगत नाही. हुमणी असेल, मुरमाड पट्टा असेल, ठिबकची नळी तुंबली असेल. म्हणून पहिली खूण आणि दुसरी खूण एकाच जागी पडतात का, हे बघायचं.

उसाच्या भागात आणखी एक सापळा आहे. एकाच शिवारात आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असं सगळं शेजारीशेजारी उभं असतं. फेब्रुवारीत एक फड तोडला की त्याचा निर्देशांक एका रात्रीत कोसळतो, आणि घाईत नकाशा करणारा तिथे लाल रंग भरून मोकळा होतो. पाणी साचून बिघडलेलं पीक हळूहळू उतरतं, तोडलेलं पीक कड्यावरून पडल्यासारखं. आलेख काढला की फरक शाळकरी पोरालाही कळेल. आलेख न काढताच नकाशे करणारे पुष्कळ आहेत.

मिठाची खूण उन्हाळ्यातली. पाणी दीड-दोन मीटरवर असलं तरी काळ्या मातीच्या बारीक नळ्यांतून ते वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. एप्रिल-मेच्या निरभ्र चित्रात असे भाग सगळ्या दृश्य रंगांत पांढुरके चमकतात. पण शहराच्या कडेला हेच चित्र फसवं ठरतं. मांजरी, फुरसुंगी, लोणीच्या बाजूला मुरूम पसरून पाडलेले प्लॉटही असेच चमकतात. गुंठ्याएवढा ठिपका शेतीसाठी वापरायचा आणि त्याला सापडावी गुंठेवारी, असा प्रकार.

हे स्वतः करून बघायला पैसे लागत नाहीत. कोपर्निकस ब्राउझर संगणकावर उघडला, नकाशा आपल्या गावावर आणला, तारीख निवडली की सेंटिनेलची चित्रं समोर येतात आणि पाण्याचे, पिकाचे निर्देशांक बटणावर मिळतात. वर्षांची माळ ओवायची असेल तर गुगल अर्थ इंजिनवर थोडं प्रोग्रामिंग शिकावं लागेल. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर भारतीय उपग्रहांची माहिती आहे. पहिल्यांदा करताना ओळखीची जागा निवडा. खडकवासल्याचं पाणी, पाषाणचा तलाव, लोहगावची धावपट्टी आणि आपलं स्वतःचं रान. या चारही जागा चित्रात बरोबर ओळखता आल्या की मग अनोळखी शिवाराकडे वळा. गटांचा सरकारी नकाशा चित्रावर ठेवताना तो थोडा सरकलेला असू शकतो, विहीर किंवा रस्त्याचा कोपरा धरून जुळवून घ्या. दहा मीटर सरकला तर तुमचं चिबड शेजाऱ्याच्या नावावर जाईल.

एवढं करून हातात येते ती संशयितांची यादी. त्यापुढे भोक. संशयित कोपऱ्यात आणि चांगल्या भागात, दोन्हीकडे हाताच्या गिरमिटाने दोन मीटर खोल छिद्र पाडायचं, त्यात छिद्रं पाडलेला पाईप उभा करायचा, एक रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी टेपने पाणी किती खाली आहे ते मोजायचं. मातीचा नमुना क्षारतेच्या तपासणीला द्यायचा. पुण्यातच मुख्यालय असलेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या जोडीला घेतल्या तर आपलं छिद्र खरं बोलतंय का, हेही पडताळता येतं.

नकाशाचा खरा उपयोग यानंतर होतो. चिबड जमिनीवरचा इलाज म्हणजे निचरा, उघडे चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाईप. पण पाईपमधलं पाणी शेवटी कुठल्या तरी ओढ्यात पडलं पाहिजे, आणि ओढ्यापर्यंतची वाट दहा जणांच्या शेतातून जाते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या परिसरात क्षारपड जमिनी सुधारल्या, त्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सामाईक पाईपलाईन टाकली म्हणून. एकट्या कोपऱ्याचा फोटो शेजाऱ्याला पटत नाही. अख्ख्या शिवाराचा नकाशा, त्यावर पाच वर्षांत दरवेळी उशिरा वाळणारा एकसलग पट्टा, आणि तो पट्टा कालव्यापासून ओढ्याकडे कसा उतरतो हे दाखवलं, तर ग्रामसभेत निदान बोलणं सुरू होतं.

नकाशा करणाऱ्यांना सगळ्यांत जास्त कमी पडते ती जमिनीवरची नोंद. तेव्हा एक विनंती. यंदा पाऊस उघडला की कुठल्या तुकड्याला कोणत्या तारखेला वापसा आला, ते गट नंबरासह वहीत लिहून ठेवा. सेंटिनेल-२ पुण्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्याच दिवशी, त्याच वेळी रानात उभं राहून लिहिलंत तर फारच उत्तम.